दिवा आजीसाठी का पेटत नव्हता? : कपॅसिटर, ऑप-अँप आणि गेन

आजचा भाग कपॅसिटरवर आहे. शाळेच्या पुस्तकात संधारित्र, लॅमिंग्टन रोडच्या दुकानात कपॅसिटर आणि पंखा दुरुस्त करणाऱ्याकडे गेलात की कंडेन्सर. वस्तू एकच. ऑप-अँपच्या सर्किटमध्ये तो बसला की गेनचं काय होतं, हे आज बघायचंय. ऐकणाऱ्यांना आकृती दिसत नाही, म्हणून सगळं शब्दांत सांगतो. आकडे येतील, पण गुणाकार-भागाकाराच्या पुढे जाणार नाही. वाचणाऱ्यांची थोडी चैन आहे, मागे जाऊन परत बघता येतं.

गोष्ट आरेतली आहे. आरे म्हटलं की बहुतेकांना गोरेगावहून पवईकडे जाणारा झाडीतला रस्ता आठवतो. पण १९४९ साली दुधाची वसाहत झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. आजही २७ पाडे मोजतात. माझा एक मित्र त्यातल्याच एका पाड्यात राहतो. त्याच्या घराच्या कोपऱ्यावर सेन्सरचा दिवा लावलाय. कुणी आलं की पेटतो, मिनिटभरानं विझतो. घरापासून शौचालयापर्यंत पंधरा-वीस पावलांची उतरती वाट आहे, आणि दिवा त्या वाटेसाठी.

आरेत अशा दिव्याला वेगळा अर्थ आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये इथेच एका ज्येष्ठ बाईंवर बिबट्यानं हल्ला केला होता. हातातल्या काठीनं त्यांनी त्याला परतवलं, ते सीसीटीव्हीत आलं आणि सगळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, सोळा महिन्यांची एक मुलगी गेली. पाड्यातली माणसं वाघोबाला मानतात, बिबट्याबरोबर राहणं त्यांना नवीन नाही. पण राहायचं तर काही गोष्टी पाळाव्या लागतात. कचरा साठू द्यायचा नाही, पोरांना अंधारात एकटं सोडायचं नाही, आणि वाटेवर उजेड हवा.

तर मित्राची आजी म्हणायला लागली, "तो दिवा माझ्यासाठी नाय पेटत. पोरांसाठी पेटतो."

घरात सगळे हसले. मित्रानं अंगणात जाऊन उडी मारली, दिवा पेटला. त्याचा धाकटा भाऊ पळत गेला, पेटला. बाईक आली, पेटला. "बघ आजी, चालतोय की." आजी काही बोलली नाही, पण रात्री बॅटरी घेऊन जायला लागली. पावसाळा सुरू झाला तेव्हा मित्राचा फोन आला, "अरे, तू इंजिनिअर ना? येऊन बघ जरा."

मी दिवसभर कोड लिहितो. ऑप-अँप बीटेकला शिकलो आणि व्हायव्हा संपल्यावर विसरलो. तरी गेलो. आणि पहिली गोष्ट केली ती ही की मी आजीसारखा चाललो. हातात काठी, ओल्या पायऱ्या, सेकंदाला जेमतेम एक फूट. अख्खी वाट उतरून गेलो. दिवा पेटला नाही. आजी दारात बसून बघत होती. म्हणाली, "आता?"

आजीचं खरं होतं. पण दिव्याला वय कसं कळणार?

आधी हा सेन्सर काय बघतो ते समजून घेऊ. दिव्याच्या पोटाशी पांढरी घुमटी असते, तिच्यामागे पीआयआर सेन्सर. आपल्या अंगातून जी उष्णता अदृश्य किरणांनी बाहेर पडते, ती तो टिपतो. पण त्यात एक गंमत आहे. सेन्सरमध्ये दोन तुकडे असतात आणि ते एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. दोघांवर सारखीच उष्णता पडली, तर एकाचं अधिक आणि दुसऱ्याचं उणे मिळून शून्य. म्हणजे तुम्ही समोर स्तब्ध उभे राहिलात तर त्याच्या लेखी तुम्ही नाहीच. तुम्ही हललात, उष्णता एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकली, की आधी अधिक, मग उणे, अशी एक लाट तयार होते.

पांढऱ्या घुमटीवरची भिंगं समोरच्या जागेचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे करतात. तुम्ही पट्टे ओलांडत चालता आणि प्रत्येक जोडीला एक लाट उठते. समजा आपल्या वाटेवर एका जोडीची रुंदी एक मीटर आहे. पळणारा मुलगा सेकंदाला तीन मीटर जातो, तर सेकंदाला तीन लाटा. म्हणजे ३ हर्ट्झ. आजी सेकंदाला एक फूट, म्हणजे ०.३ मीटर. तिची फ्रीक्वेन्सी ०.३ हर्ट्झ. एक लाट पूर्ण व्हायला तीन सेकंदांच्या वर.

म्हणजे सर्किटला वय कळत नाही, पण चाल कळते. चाल म्हणजे फ्रीक्वेन्सी. हे एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आता ही लाट किती मोठी? फार तर एखादा मिलिव्होल्ट. शिवाय मुंबईची हवा. थंडीच्या ठिकाणी माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानात बराच फरक असतो. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही भिंत तापलेली असते, माणूस तिच्यात मिसळून जातो. लाट आणखी बारीक होते. म्हणून ती भरपूर वाढवावी लागते. इथे ऑप-अँप येतो.

त्या दिव्याच्या बोर्डावर एलएम ३२४ ही आयसी होती. तिच्यात चार ऑप-अँप असतात. दोन सिग्नल वाढवतात, उरलेले दोन वाढलेला सिग्नल ठरलेल्या मर्यादेच्या वर किंवा खाली गेला का, ते बघतात. गेला, की दिवा पेटवतात. वाढवणाऱ्या प्रत्येक टप्प्यात दोन मुख्य रेझिस्टर होते. आउटपुटकडून परत इनपुटकडे येणारा फीडबॅकचा १ मेगओहम, आणि इनपुटच्या बाजूला १० किलोओहम. गेन म्हणजे मोठ्याला छोट्यानं भागायचं. दहा लाख भागिले दहा हजार, १००. असे दोन टप्पे एकामागे एक, म्हणजे शंभर गुणिले शंभर, दहा हजार. एक मिलिव्होल्टचे दहा व्होल्ट व्हायला हवेत. बोर्ड पाच व्होल्टवर चालतं, त्यामुळे तेवढे होत नाहीत, पण दिवा पेटायला रग्गड.

मग अडचण कुठे आहे? सेन्सरचा आउटपुट शून्यावर नसतो. तो आधीच साधारण एक व्होल्टवर बसलेला असतो, आणि त्याच्या वर ही एक मिलिव्होल्टची लाट. म्हणजे एक मीटर उंच टेबलावर एक मिलिमीटरची मुंगी चालतेय. आपल्याला मुंगी मोठी करून बघायचीय, पण टेबलासकट दहा हजार पट केलं तर टेबलच छताला टेकणार. ऑप-अँपचा आउटपुट वर जाऊन अडकून बसेल आणि मुंगी दिसणारच नाही.

टेबल काढून फक्त मुंगी ठेवायची युक्ती म्हणजे कपॅसिटर. त्या १० किलोओहमच्या रेझिस्टरला रांगेत एक कपॅसिटर लावतात. स्थिर व्होल्टेजला कपॅसिटर म्हणजे बंद दार, बदलत्या सिग्नलला उघडं. टेबल स्थिर आहे म्हणून बाहेर राहतं, मुंगी हलते म्हणून आत येते.

इथपर्यंत मलाही कॉलेजपासून पाठ होतं. परीक्षेत "कपॅसिटर डीसी अडवतो" लिहिलं की मार्क मिळायचे. घोळ असा, की दार बंद आणि उघडं यांच्या मधे खूप काही असतं. कपॅसिटरला ०.३ हर्ट्झ आणि डीसी यांच्यात रेघ मारता येत नाही. हळूहळू बदलणारा सिग्नल त्याला जवळजवळ स्थिरच वाटतो, म्हणून तो त्याला जवळजवळ अडवतो.

किती अडवतो याचं गणित सोपं आहे. कपॅसिटरचा अडथळा म्हणजे १ भागिले २ पाय गुणिले फ्रीक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स. फ्रीक्वेन्सी दहापट कमी झाली, अडथळा दहापट वाढला. कपॅसिटन्स कमी झाला, तरी अडथळा वाढला. आणि हा अडथळा कुठे बसलाय? गेनच्या भागाकारात, खालच्या बाजूला, १० किलोओहमच्या शेजारी. म्हणजे अडथळा वाढला की गेन उतरला.

त्या बोर्डावरच्या कपॅसिटरवर २२ मायक्रोफॅरड छापलं होतं. दोन टप्पे, दोन कपॅसिटर. २२ मायक्रोफॅरड धरून आजीसाठी हिशोब करू. ०.३ हर्ट्झला कपॅसिटरचा अडथळा होतो साधारण २४ किलोओहम. तो १० किलोओहममध्ये सरळ मिळवायचा नसतो, काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखा मिळवायचा. दहाचा वर्ग अधिक चोवीसचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, २६. दहा लाखाला सव्वीस हजारानं भागलं की ३८. एका टप्प्याचा गेन १०० नाही, ३८. दोन टप्पे मिळून दीड हजाराच्या आसपास. आणि पळणाऱ्या पोरासाठी, ३ हर्ट्झला? साधारण नऊ हजार.

म्हणजे दिवा नवा कोरा असतानाही आजीला पोराच्या सहाव्या हिश्श्यानं बघत होता. तरी चालत होतं, कारण एक मिलिव्होल्ट गुणिले दीड हजार म्हणजे दीड व्होल्ट. मधल्या पातळीपासून अर्धा-पाऊण व्होल्ट हललं तरी दिवा पेटायला पुरतं.

आता बोर्ड काढून ते दोन कपॅसिटर मीटरवर मोजले. छापलेले २२, मोजलेले ४ मायक्रोफॅरड. दोन्ही जवळपास सारखेच वाळलेले.

वाळलेले हा शब्द नुसता बोलण्याचा नाही, खराच आहे. हे डबीसारखे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, यांच्या आत द्रव असतो. उष्णतेनं तो वर्षानुवर्षं सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. हा दिवा पत्र्याच्या छपराखाली, बंद डबीत, एलईडीच्या शेजारी. दिवसा पत्रा तापतो, रात्री एलईडी. चार-पाच वर्षांत व्हायचं ते झालं.

चार मायक्रोफॅरड घालून तोच हिशोब परत करा. आजीसाठी अडथळा १३३ किलोओहम. एका टप्प्याचा गेन साडेसात. दोन टप्पे मिळून ५७ च्या आसपास. एक मिलिव्होल्टचे ५७ मिलिव्होल्ट. दिव्याला पत्ताच नाही. आणि त्याच सुकलेल्या कपॅसिटरवर पळणारं पोर? गेन साधारण साडेतीन हजार. साडेतीन व्होल्ट. लख्ख उजेड!

आकडे ढोबळ आहेत. सेन्सर स्वतःही वेगाप्रमाणे थोडा बदलतो, ते मी बाजूला ठेवलंय. पण चित्र हेच. कपॅसिटर सुकताना सगळ्यांचा गेन सारखा उतरत नाही. जो सगळ्यात हळू चालतो त्याचा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त उतरतो. आजीचा गेन सव्वीसपट घटला, पोराचा अडीचपट. घरात जे जे दिवा तपासत होते ते सगळे भराभर चालणारे. त्यांच्यासाठी दिवा कधी बिघडलाच नव्हता.

हे मला लागलं, कारण माझ्या कामात असंच होतं. आपणच लिहितो, आपणच तपासतो, आपल्या नव्या फोनवर. मग कुणीतरी जुन्या फोनवरून तक्रार करतं आणि आपण म्हणतो, "माझ्याकडे तर चालतंय."

असो. दुरुस्ती सांगतो, कारण त्यात माझी चूक आहे.

मी म्हटलं, कपॅसिटर मोठा तर गेन जास्त, मग थेट १०० मायक्रोफॅरड का नको? घातले. आजीसाठी दिवा पेटला, मस्त. मी खुशीत घरी. दोन दिवसांनी मित्राचा फोन, "हा आता विझतच नाही."

झालं असं की आता सर्किटला फारच हळू गोष्टी दिसायला लागल्या. संध्याकाळी थंड होणारी भिंत, पाऊस थांबल्यावर तापणारी झाडी, वाऱ्याची झुळूक. आणखी एक गोष्ट म्हणजे गळती. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर डीसीला पूर्ण अडवत नाही, थोडा करंट निसटतो. मोठ्या कपॅसिटरला गळतीही सहसा जास्त. आणि तो करंट जातो १ मेगओहममधून. एक मायक्रोअँपिअर गुणिले एक मेगओहम म्हणजे सरळ एक व्होल्ट. कुणी आलं नाही तरी आउटपुट एक व्होल्टनं सरकून बसतो, दिवा पेटायच्या उंबरठ्यावरच.

तिसरी गोष्ट, वीज गेली आणि आली की दिवा बराच वेळ वेड्यासारखा वागायचा. कारण सुरुवातीला त्या कपॅसिटरला टेबलाच्या उंचीपर्यंत, म्हणजे एक व्होल्टपर्यंत भरावं लागतं, आणि भरणारा करंट त्याच १ मेगओहममधून येतो. बारीक नळाखाली मोठी बादली. २२ च्या जागी १०० म्हणजे साडेचारपट वेळ. बाजारात मिळणाऱ्या पीआयआर मॉड्यूलवर "सुरुवातीला मिनिटभर थांबा" असं सांगतात, त्यामागे हे भरणंही असतं.

सतत पेटणारा दिवा नुसता वीज खात नाही. माणसं त्याच्याकडे बघणं सोडून देतात. दिवा पेटला म्हणजे कुणीतरी आलंय, हा त्याचा अर्थच निघून जातो. आरेत तो अर्थ कामाचा आहे.

शेवटी ४७ मायक्रोफॅरडवर थांबलो, कमी गळतीचे, १०५ अंशांचे. आजीसाठी गेन साधारण ४,४००. वीज आल्यावर थोडी वाट बघावी लागते, पण दिवा शांत बसतो.

अजून एक कपॅसिटर राहिला, त्याला विसरायचं नाही. फीडबॅकच्या १ मेगओहमला समांतर १० नॅनोफॅरडचा छोटा कपॅसिटर होता. त्याचं काम बरोबर उलटं. तो फ्रीक्वेन्सी वाढली की वाट देतो, म्हणजे फीडबॅकचा अडथळा कमी करतो. भागाकारात वरचा आकडा लहान झाला, गेन उतरला. १ मेगओहम आणि १० नॅनोफॅरड मिळून साधारण १६ हर्ट्झच्या वर गेन घसरतो. हा नसेल तर शेजारच्या वायरींमधली ५० हर्ट्झची गुणगुण दहा हजारपट वाढून येईल. तो असला की तीच हजाराच्याही खाली. पण तोही दहापट मोठा घातलात, तर घसरण दीड हर्ट्झपासूनच सुरू होते आणि मग पळणारं पोर पुसट व्हायला लागतं.

म्हणजे रांगेतला कपॅसिटर खालची हद्द ठरवतो, समांतर कपॅसिटर वरची. मधल्या पट्टीत जे चालतं तेच सर्किटला दिसतं. ऑप-अँप बिचारा निमूट असतो. एलएम ३२४ ला शंभरचा गेन काही हजार हर्ट्झपर्यंत देता येतो, त्याची कुवत कधी आड आलीच नाही. कुणाला बघायचं, हे कपॅसिटरनी ठरवलं. म्हणून "या सर्किटचा गेन किती?" हा प्रश्न अर्धा आहे. "कुणासाठी किती?" असं विचारायला हवं.

बिबट्यांचे फोटो काढणारे कॅमेरा ट्रॅप असतात, त्यांतल्या बहुतेकांतही असाच पीआयआर असतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आजूबाजूच्या भागात २०१५ मध्ये कॅमेऱ्यांनी ३५ बिबटे मोजले, अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक ओळखून. दबकत चालणारं जनावर टिपायचं तर तिथेही हाच प्रश्न येतो, किती हळूपर्यंत बघायचं.

आता तुमच्यासाठी काम. घरी, सोसायटीत, जिन्यात सेन्सरचा दिवा असेल, तर आज रात्री त्याच्यासमोरून आडवं चालून बघा. नेहमीच्या चालीनं नाही, सेकंदाला एक फूट. घरात सगळ्यात हळू चालणारं जे कुणी आहे, त्यांनाच चालायला सांगा. पेटला नाही तर कपॅसिटरवर संशय घ्या.

मात्र विजेवर चालणारा दिवा स्वतः उघडू नका. बऱ्याच स्वस्त दिव्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, सेन्सरचं बोर्ड थेट २३० व्होल्टला जोडलेलं असतं, आणि स्विच बंद केला तरी आतले कपॅसिटर काही वेळ भरलेले राहतात. जाणकाराकडे द्या. मित्राच्या दिव्याला वेगळा पाच व्होल्टचा अडॅप्टर होता म्हणून मी हात घातला.

मागच्या आठवड्यात परत गेलो होतो. संध्याकाळ, पाऊस नुकता थांबलेला, बेडकांचा कल्ला. आजी काठी घेऊन उठली आणि वाटेला लागली. तिसऱ्या पावलाला दिवा पेटला. मी मित्राकडे बघितलं, मित्रानं माझ्याकडे. आजीनं मागे वळूनही पाहिलं नाही. बॅटरी मात्र तिच्या हातात होतीच.

मी विचारलं, "आजी, आता बॅटरी कशाला?"

"पुन्हा सुकंल ना तुझा तो कंडेन्सर," आजी म्हणाली.

बरोबर आहे. सुकणारच. दर दिवाळीला आजीनं वाट उतरून दिवा तपासायचा, असं आम्ही ठरवलंय. तिच्याहून चांगला टेस्टर मला अजून मिळालेला नाही.

आजच्यापुरतं इतकंच. हिशोबात कुठे चुकलो असेन तर नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू, तोवर सांभाळून राहा.